मागे न जाणारा ट्रॅक्टर

धर्माकाका दर वर्षी एक ट्रॅक्टर तयार करायचे आणि दिवाळीनंतर तो स्वतःच्याच हातांनी मोडायचे. ट्रॅक्टर वीतभर लांबीचा, पण खरोखर चालणारा. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधली मोटर, छत्रीच्या काडीचा आस, झिजलेल्या चपलांचे तळ कापून केलेली चाकं, पावडरच्या डब्याचं बॉनेट. मागचा नांगर वर-खाली व्हायचा तो दोन सिरिंज आणि त्यांच्यामधल्या नळीतल्या पाण्यावर. हे सगळं जुळवायला त्यांना पावसाळा पुरायचा नाही. मोडायला एक संध्याकाळ पुरायची.

जव्हारमध्ये आमचं पंपाच्या मोटरी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. काका तिथे राखणीला होते आणि दुकानामागच्या पडवीतच राहायचे. मूळचे जवळच्या जामसर गावचे. दुकानातलं भंगार घ्यायला बाबांनी त्यांना मोकळीक दिली होती. शाळेतून आले की मी पडवीच्या पायरीवर जाऊन बसायचे. मला कुणाशी फारसं बोलायला जमत नसे, काकाही गप्पच असायचे, म्हणून आमचं बरं चालायचं. माझ्याकडे त्यांचं एकच काम असे. भंगारातल्या एखाद्या तुकड्यावरचं इंग्रजी ते मला वाचायला लावायचे.

“बाय, हे काय लिवलंय?”

“उघडू नका, असं लिहिलंय.”

हातातल्या उघडलेल्या डबीकडे बघून ते म्हणायचे, “आदी सांगायचं ना मंग.”

त्यांच्या कुठल्याच ट्रॅक्टरला रिव्हर्स नव्हता. सोडला की तो पडवीभर घरघरत जायचा, भिंतीला टेकायचा आणि तिथेच चाकं फिरवत राहायचा. मग काका गुडघ्यावर हात ठेवून उठायचे, जवळ जायचे, आधी मागे वळून बघायचे आणि मगच तो उचलून फिरवून ठेवायचे. तिथे मागे बघण्यासारखं काही नसायचं. फार तर मी असायची, तीही पायरीवर. तरी ते बघायचेच.

बाबा त्यांना चिडवायचे. “धर्मा, तू वीटभट्टीवर एवढा खरा ट्रॅक्टर चालवलास आणि याला साधा रिव्हर्स टाकता येत नाही?”

“माणूस हाय ना फिरवायला,” काका म्हणायचे. दुसरं उत्तर मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. भात झोडून झालं की माणसं वीटभट्ट्यांवर निघतात. नाक्यावर टेम्पो लागतात, त्यात गोधड्या, पातेली, कोंबड्या, मुलं सगळं चढतं. त्या दिवसांत एका सकाळी काका ट्रॅक्टर टॉवेलात गुंडाळून नाक्यावर जायचे आणि संध्याकाळी तसाच परत आणायचे. मग स्क्रूड्रायव्हर काढून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, “चालला नाय.” पण चालताना तर मी पाहिलेला असायचा.

मी कॉलेजात होते तेव्हा एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर ते असेच मोडत बसलेले. ते खोकत होते. मी म्हटलं, “काका, चांगला चालतोय. का मोडता?”

“घेतला नाय.”

“कुणी?”

“जानकीनं.”

ते बराच वेळ एकाच स्क्रूशी झटत राहिले. मग त्याच्याकडे बघतच सांगू लागले. “मी भट्टीवर होतो तवा जानकी बी तिथंच कामाला. आमच्याच गावची. तिची पोर माझ्या मांडीवर बसून टॅक्टरवर फिरायची. मला चालवायला दे म्हनायची. मी म्हनलं, तुला बारका बनवून देतो, तुझा तुला.” स्क्रू निघाला. तो त्यांनी डबीत टाकला. “मंग एक दिवस ट्रॉली मागं घेतली. पोर मागं निजली होती, विटांच्या सावलीला. उतरून बघायचं होतं. नाय बघितलं.”

मी विचारलं, “जानकीबाई काय म्हणतात?”

“काय नाय. नुसती बघते, आन् चढते गाडीत.”

पुढच्या पावसाळ्यात काकांचं छातीचं दुखणं बळावलं. बाबांनी त्यांना दवाखान्यात ठेवलं. त्या वर्षीचा ट्रॅक्टर त्यांनी उन्हाळ्यातच हाती घेतला होता, तोवर तो तयार झाला होता, आणि तो खाटेखाली ठेवू द्यावा म्हणून त्यांनी नर्सशी वाद घातला. मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, “बाय, औंदा तू ने.”

“मला नाही बोलता येणार, काका.”

“बोलायचं नाय. नुसता दाखवायचा.”

भाद्रपदात ते गेले.

दिवाळीनंतर टॉवेलात गुंडाळलेला ट्रॅक्टर घेऊन मी नाक्यावर गेले. मजूर नेणाऱ्या मुकादमाला जानकी कोण म्हणून विचारलं. “ती काय, पातेल्यावर बसलीय ती,” तो म्हणाला. वाळलेली, काकांपेक्षा बरीच लहान बाई होती. मी पुढे जाऊन टॉवेल उघडला. तिने आधी ट्रॅक्टर पाहिला, मग मला.

“म्हातारा नाय आला?”

“गेले. भाद्रपदात.”

ती म्हणाली, “मागल्या साली लई खोकत होता.”

काकांनी दाखवायचं एवढंच सांगितलं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही घेतला नाहीत की ते मोडून टाकायचे. दर वर्षी.”

“मोडायचा?” ती माझ्याकडे बघत राहिली. “मी म्हनलं, दुसऱ्या कुनाच्या पोराला देत असंल.” मग तिने विचारलं, “चालतो?”

मी तो रस्त्याच्या कडेला ठेवून सोडला. घरघरत तो सरळ गटाराकडे निघाला. मी धावणार तोच ती उठली. तिने जाऊन तो अडवला, मागे वळून टेम्पोकडे बघितलं, मग उचलून फिरवला आणि माझ्या दिशेने सोडला. तो हळूहळू येऊन माझ्या चपलेला टेकला.

“ए जानके, चढ! खेळत काय बसली?” मुकादम ओरडला.

“न्या ना, मावशी,” मी म्हटलं.

“भट्टीवर कुठं ठेवू? तिथं मोठे असतात.” तिने पातेलं टेम्पोत वर दिलं, स्वतः चढली आणि मागच्या फळीवरून वाकून म्हणाली, “मोडू नको.”

टेम्पो विक्रमगडच्या रस्त्याला लागला.

पडवीत आता तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. ट्रॅक्टर माझ्या टेबलावर आहे. कधी सेल घालून जमिनीवर सोडते. तो भिंतीपर्यंत जातो आणि तिथेच चाकं फिरवत राहतो. मग मी उठते, आधी मागे बघते, आणि त्याला हाताने फिरवून ठेवते.