शेकाचं निमित्त

आमच्या गावात माझं नाव चांगलं होतं आणि मला त्याचाच त्रास व्हायचा. कुणी बाई रस्त्यात हात धरून म्हणायची, "तुज्यामुळं तुजी जाऊ वाचली गं," तेव्हा मी मान हलवायची आणि पाय उचलायची. थांबले तर खरं सांगावं लागेल, ही धास्ती.

बीड जिल्ह्यात लिंबागणेशहून पुढे आत गेलं की आमचं गाव. घरी थोडी शेती आणि बरीच शेरडं-मेंढरं. मी बारावीपर्यंत शिकलेली धाकटी सून. थोरली जाऊ, जिला मी आक्का म्हणते, तिनं शाळा बघितलीच नाही. पण गावच्या बायका अडल्यानडल्या की तिच्याच ओट्यावर येऊन बसतात. एका संस्थेनं मला स्तनाच्या कॅन्सरची तपासणी करायला शिकवलं. स्टँडवर एक कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. हा कॅमेरा अंगाच्या उष्णतेचा फोटो काढतो. गाठ वाढायला लागली की तिच्याकडे रक्त जास्त धावतं आणि वरची कातडी आजूबाजूपेक्षा जरा गरम राहते. हाताला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळू शकतं. मग कॉम्प्युटर दोन्ही बाजू एकमेकींशी आणि त्याला आधी शिकवलेल्या ढीगभर फोटोंशी ताडून बघतो आणि सांगतो, हिला पुढं सोनोग्राफीला पाठवा किंवा गरज नाही. कॅन्सर आहे असं तो म्हणत नाही. ते पुढच्या तपासण्यांनी ठरतं.

बायकांना मी समजावत असे, कुणी हात लावणार नाही, खोलीत पुरुष नाही, काही टोचत नाही. तरीही ब्लाउज काढून, अंग गार होईपर्यंत पंख्याखाली बसायचं म्हटलं की त्यांना घरची सगळी कामं एकदम आठवतात.

आमच्याच गावात शिबिर लागलं तेव्हा समाजमंदिराच्या खोलीत पडदे लावून मी सकाळपासून बसून होते. बाहेर बायका जमल्या होत्या, हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, आत मात्र एकही येईना. मला भयंकर राग आला. गेवराईत, केजला मी एवढी शिबिरं केली आणि माझ्याच गावात माझी फजिती! शेवटी घरी जाऊन आक्काला गाठलं. ती शेळीचं दूध काढत होती.

"आक्का, तुमी आधी बसा. तुमी बसलात की सगळ्या येतील."

"मला कावून? मला काय झालंय?"

"काई झालं न्हाई म्हणूनच. लोकांनी बघावं म्हणून."

ती हात धुऊन आली. माझ्यासाठी आली, तपासणीसाठी नव्हे.

पडद्याआड बसताना मात्र तिनं डाव्या बाजूला हात नेऊन हळूच सांगितलं की मागं एकदा शेळीनं लाथ मारली होती, तेव्हापासून तिथं ठणकतं, थोडं टणकही लागतं. "सकाळीच मिठाचा शेक घेतलाय." आमच्याकडे मार लागला की तव्यावर मीठ गरम करायचं, फडक्यात बांधायचं आणि शेकायचं. याच्यापुढं औषध नाही, असं तिचं मत.

फोटो काढला. डाव्या बाजूला एक लाल डाग, उजवीकडे काहीच नाही. कॉम्प्युटरनं पुढं पाठवा म्हणून दाखवलं.

पडद्याच्या पलीकडे बायकांचा आवाज एकदम बंद झाला होता. सगळ्या कान लावून होत्या. पहिल्याच बाईत, आणि तीही आक्कात, काही निघालं असं कळलं असतं तर सगळं अंगण रिकामं झालं असतं. शेक घेतलेल्या अंगाचा फोटो खरा मानायचा नाही, दुसऱ्या दिवशी परत काढायचा, हा नियम मला पाठ होता. तशी खूण करायची सोयही त्या प्रोग्रॅममध्ये होती. मी खूण केली: शेक. बीडला बसून फोटो बघणाऱ्या डॉक्टरबाईंचा लगेच निरोप आला, परत काढा. इथवर मी काहीच चुकले नव्हते. मग मी पडदा बाजूला केला आणि हसून म्हणाले, "आक्काचं सगळं ठीक हाय. चला, पुढची कोण?"

रांग लागली. दुपारचं जेवायलाही सवड मिळाली नाही. मी लई खूश होते.

परत फोटो काढायचा राहून गेला, असं मी स्वतःला सांगायची. एका घरात, एका चुलीवर आम्ही दोघी. ती मला रोज दिसत होती. कॅमेरा माझ्याच खोलीत असायचा. राहून काय जाणार होतं? दुसऱ्यांदाही लाल आलं तर त्या दिवशी हसून सांगितलेलं खोटं पडणार होतं. म्हणून एकदाच, तेही हळूच, मी तिला म्हटलं, "आक्का, एकदा परत बसता का?" आणि ती म्हणाली, "झालं की माझं. तूच म्हनली सगळं ठीक हाय." मी आग्रह केला नाही. तिच्या या विश्वासावर मी सुखानं जेवत-झोपत राहिले. त्या विश्वासापायी तिनं शेकसुद्धा सोडला. मशीननं बघितलंय म्हटल्यावर कशाला, असं ती बायकांना सांगायची.

पाऊस होऊन गेला, सुगी आली. एके दिवशी न्हाणीतून तिनं पाठ चोळायला हाक मारली. तिनं हात वर केला आणि डाव्या बाजूची कातडी आत ओढली गेलेली मला दिसली. शिकवताना अशी चित्रं आम्हाला दाखवली होती. त्याच दिवशी तिला बीडला नेलं, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. डावा स्तन काढावा लागला. केस गेले, नखं काळी पडली. वॉर्डातल्या बायकांना ती सांगायची, "माजी जाऊच ह्या कामात हाय. तिच्याच नजरंनं पकडलं." मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहायची. स्वतःची किळस यायची. पण तिला ऐकू येईल असं तोंड उघडून काही बोलायची नाही.

औषधं संपल्यावर गावात पुन्हा शिबिर लागलं. या वेळी आक्का न बोलावता आली. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला, अंगात जोर नाही, तरी भिंतीला धरून बायकांपुढं उभी राहिली.

"शेक घेऊन येऊ नगा गं कुणी. मी शेक घेऊन बसले, म्हणून मशीनला कळलं न्हाई. माजीच चूक झाली. ही बिचारी काय करंल?"

मी कॅमेऱ्याचा स्टँड सारखा करत होते. मशीनला कळलं होतं. डॉक्टरबाईंनाही शंका आली होती. फक्त माझी रांग मोडू नये म्हणून तिची गाठ वाढत राहिली होती, आणि आता तो दोष ती स्वतःच्या पदरात घेऊन गावापुढं उभी होती. माझ्यानं ते बघवेना.

"आक्का, तुमची चूक न्हाई," मी म्हणाले. "मशीननं दाखवलं होतं. परत फोटो काढा म्हणून डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मीच सगळ्यांपुढं ठीक हाय म्हणले. आन् परत काढला न्हाई."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात आपोआप डाव्या बाजूला गेला, जिथं आता सपाट आहे.

"तवाच परत फोटो काढला असता, तर हे राहिलं असतं का गं?"

"असतं, बहुतेक," मी म्हणाले.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती बायकांकडे वळली.

"बसा समद्या. कुणी घरी जायचं न्हाई," ती म्हणाली. "पन हिनं ठीक हाय म्हनलं की उठू नगा. मशीन काय म्हनलं, ते हिला इचारा. आन् परत इचारा."

आणि तिनं स्वतः पुढं होऊन पहिल्या बाईला हाताला धरून आत आणलं.