मामांच्या ब्रेकला मी दिलेलं तेल

मी आजवर एकच मोटारसायकल दुरुस्त केली आहे, आणि ती पेंढ्याच्या गंजीत जाऊन थांबली. गंजी नसती तर कुठे थांबली असती याचा विचार मी अजूनही टाळतो, कारण गाडीवर माझे सासरे बसले होते.

सुरुवात माझ्या अपमानापासून झाली. नारपोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका उस्तादाचं गॅरेज आहे. एकदा गाडी बंद पडली म्हणून ढकलत तिथवर नेली आणि जाणकाराचा चेहरा करून म्हणालो, "उस्ताद, बहुतेक इंजिन का काम निकलेगा." त्यानं पेट्रोलची चावी फिरवली, एक किक मारली आणि गाडी सुरू झाली. "सेठ," तो शांतपणे म्हणाला, "आप सिर्फ बैठा करो." समोर शिफ्ट सुटलेले चार लूम कामगार चहा पीत होते. ते हसले. वडप्याच्या गोदामात माझ्या हाताखाली तीस माणसं काम करतात (माझं ऐकतात असं मी म्हटलेलं नाही), आणि इथे मला नुसतं बसायला सांगितलं जात होतं! त्याच संध्याकाळी मी पान्यांचा संच विकत आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो.

व्हिडिओ पंधरा-पंधरा मिनिटांचे असायचे. मला पाच मिनिटांतच सगळं कळायचं, त्यामुळे उरलेली दहा मिनिटं मी वाया घालवली नाहीत. महिन्याभरात मी 'प्लग शॉर्ट आहे' आणि 'चेन ढिली आहे' ही दोन वाक्यं इतक्या ठसक्यात म्हणायला शिकलो की, गोदामातले लोक मला गाडीचे आवाज ऐकवू लागले.

पण माझं खरं शिक्षण घरचं होतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, यांनी जन्मभर लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवले. 'आवाज आला की तेल द्या' हा त्यांचा कायदा. लूमसाठी केलेला हा कायदा हळूहळू घरालाही लागू झाला. दाराची बिजागरी, पंखा, आईचं शिलाई मशीन, माझा पाळणा, सगळ्यांनी लूमचंच तेल प्यायलेलं. पुढे लूम विकले गेले, पण लांब चोचीची तेलाची कुपी अण्णांनी ठेवून घेतली होती. ती मी पान्यांच्या पेटीत ठेवली. माझ्या मते आता माझं गॅरेज पूर्ण झालं होतं.

दसऱ्याला आम्ही सविताच्या माहेरी जातो. सविता ही माझी बायको, आणि तिचं गाव गणेशपुरीच्या पलीकडे, चढावर वसलेलं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांनी आपला शेवटचा बैल विकला तेव्हा त्या पैशांत जुनी मोटारसायकल घेतली आणि तिच्या मडगार्डवर बैलाचं नाव रंगवून घेतलं, 'चांद्या'. रोज सकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ते चांद्यावरून गणेशपुरीच्या हॉटेलांत दूध घालतात. दूध पाच मिनिटांत घालून होतं. परत यायला त्यांना साडेदहा वाजतात, कारण वाटेत प्रत्येक ओट्यावर एकेक माणूस असतो. मामांचं सगळं आयुष्य त्या वाटेवर आहे.

आम्ही आदल्या दिवशी पोचलो तेव्हा मामा म्हणाले, "ब्रेक दाबला का जरा किर्र करतो."

"मी नेतो गॅरेजला," माझा मेव्हणा संतोष म्हणाला.

"मी असताना गॅरेज?" मी म्हणालो. सविता माझ्याकडे वळली. लग्नाला बारा वर्षं झाली आहेत, तिला माझा तो आवाज ओळखता येतो.

"भावजी, तुम्हाला येतं?" संतोषनं विचारलं.

मी सोबत आणलेली पान्यांची पेटी उघडली. मामांच्या चेहऱ्यावर जे कौतुक दिसलं ते मला लग्नातसुद्धा दिसलं नव्हतं.

मागचं चाक खोललं. ब्रेकचा ड्रम उघडला. आत दोन चंद्रकोरीसारख्या पट्ट्या होत्या, अगदी कोरड्या, खरबरीत. इतक्या वर्षांत कुणी त्यांना तेलाचा थेंब दाखवलेला नव्हता. मला खरंच वाईट वाटलं. मी कुपी घेतली आणि दोन्ही पट्ट्यांना मनसोक्त तेल दिलं. मग वाटलं, पुढच्या चाकानं काय पाप केलंय? तेही खोललं. रात्रीच्या जेवणाआधी दोन्ही चाकं जागेवर होती, दोन नट जास्तीचे उरले होते (ते मी खिशात घातले) आणि किरकिर कायमची गेली होती. चाक फिरवलं की लोण्यासारखं फिरत होतं. ब्रेक दाबला तरी लोण्यासारखंच फिरत होतं, पण तेव्हा मी फक्त आवाज ऐकत होतो.

आता कुणीही विचारेल, एक चक्कर मारून का पाहिली नाही? नाही मारता येत. दसऱ्याची गाडी एकदा धुतली की पूजा होईपर्यंत तिच्यावर कुणी बसत नाही. संतोषनं ती लगेच धुतली होती.

सकाळी जावई म्हणून पूजेचा मान मला मिळाला. चांद्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. मामा नवं धोतर नेसून गाडीवर बसले. पहिली फेरी गावदेवीच्या देवळापर्यंत, उताराच्या टोकाला. लिंबं चिरडली गेली, आम्ही हात जोडले, चांद्या निघाला.

देवळापुढे लोक आपट्याची पानं वाटत उभे होते. "मामा, सोनं घ्या सोनं!" म्हणून एकानं हात पुढे केला. मामा थांबले नाहीत. दुसरा म्हणाला, "अरं, मामाला एवढी कसली घाई हाय?" मामांनी देवीलाही चालत्या गाडीवरूनच नमस्कार केला असं लोकांना वाटलं. खरं म्हणजे ते दोन्ही हात वर करून लोकांना बाजूला सारत होते. देऊळ गेलं, पार गेला, आणि शेवटच्या घराशेजारच्या पेंढ्याच्या गंजीत चांद्या हारासकट घुसला. बाहेर राहिली मामांची एक चप्पल.

आम्ही धावलो. मामांना ओढून काढलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी धड होते. तोंडातला पेंढा थुंकून त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग जमलेल्या माणसांना म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेवायचा इसरलो."

मी तिथेच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण सगळा गाव समोर होता, अंगात मानाचा नवा शर्ट होता, आणि उघडलेल्या तोंडातून फक्त "हळू, हळू" एवढंच निघालं.

"बाबा, आता वय झालं तुमचं," संतोष म्हणाला आणि त्यानं गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात घातली. "उद्यापासून दूध मी घालणार. गाडी बंद."

"आरं, एक डाव चूक जाली..." मामा म्हणाले.

"आज गंजी व्हती. उद्या ट्रक आसंल," मामी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणजे गाडी बंद, हे ठरलंच.

जेवायला श्रीखंड-पुरी होती. जावयाला आग्रह करायची पद्धत, त्यामुळे मला सहा पुऱ्या खाव्या लागल्या. मामा जेवले नाहीत. ओट्यावर बसून ते चांद्याच्या टाकीवरचा पेंढा एकेक काडी करून काढत होते. सविता माझ्या ताटात श्रीखंड वाढायला वाकली आणि हळूच म्हणाली, "काल त्या चाकात काय केलंत?"

"साफसफाई."

"तुमच्या पँटला तुमच्या अण्णांच्या लूमचा वास येतोय."

मी उठून बाहेर जाऊन अण्णांना फोन लावला. वाटलं होतं, निदान ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, ब्रेक लूमलाही असतो. त्याला मी कधी तेल दिलेलं पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. घराण्याचा कायदासुद्धा मी पाच मिनिटांचाच पाहिला होता.

घरात आलो, पुन्हा पाटावर बसलो आणि धीर करून म्हणालो, "मला वाटतं, चूक मामांची नसावी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. इथे मी जे केलं ते लिहितानाही कान गरम होतात. मी म्हणालो, "कदाचित लिंबाचा रस ब्रेकमध्ये गेला असेल."

"म्हंजे माज्या लिंबानं?" मामी मटकन खाली बसल्या. "मीच ठेवली की लिंबं. मीच ह्यांना ढकलला गंजीत!"

आता घरात दोन निरपराध माणसं गुन्हेगार होऊन बसली होती आणि खरा गुन्हेगार पाटावर. सविता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी सांगू, की तुम्ही सांगता?"

मी सांगितलं. सगळं. दोन्ही चाकांचं. खिशातले दोन नटसुद्धा काढून पाटासमोर ठेवले. संतोषनं एक नट उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "भावजी, ब्रेकला तेल?"

"किरकिर करत होता," मी म्हणालो.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मामी उठल्या, त्यांनी संतोषच्या खिशातून चावी काढली आणि ओट्यावर जाऊन मामांच्या हातात ठेवली. मामा चावीकडे बघत राहिले. मी त्यांच्या पाया पडलो.

"मामा, तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"कळलं ना. पाय दाबला, तवाच कळलं. तेलाचा वासपण येत व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"चार मानसांत जावयाचं नाव कसा घेऊ?" ते म्हणाले. "न्हाय जमत त्ये."

स्वतःची गाडी जात होती तरी हा माणूस गप्प बसला होता, आणि मी एका लिंबामागे लपत होतो. त्या दिवसाइतकी लाज मला कधीच वाटली नाही. दुसऱ्या दिवशी संतोषनं गणेशपुरीला नेऊन दोन्ही ब्रेकच्या पट्ट्या बदलून आणल्या. पान्यांची पेटी सविताने कुठे ठेवली ते मी विचारलेलं नाही.

या दसऱ्याला पुन्हा गेलो. पूजेचा मान पुन्हा मलाच. हार घातला, नारळ फोडला. दिव्यातलं तेल कमी वाटलं म्हणून मी शेजारची बाटली उचलली, तर मामी आतून लगबगीनं आल्या आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या जावई, तेलाचं आमी बघतो."

मामांनी चांद्याला किक मारली, मागच्या सीटवर थोपटलं आणि मला म्हणाले, "तुमी निस्ते बसा." मी बसलो. उस्तादानं तरी दुसरं काय सांगितलं होतं?