नववी कॅसेट आणि दत्तू भाऊजींचा नारळ

दत्तू भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला लेकीकडं भेंडी चिरत होते. दौंडहून जाऊ रडत सांगत होती आणि माझ्या तोंडून निघालं, "माफी न मागताच?" लेकीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला... त्याला महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी खरं लिहिणार आहे. आता त्यांना उलट उत्तर देता येत नाही, आणि अशी संधी मी वीस वर्षं शोधत होते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. भांडगावजवळच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. दौंडच्या घरात आमच्या दोन चुली, अंगण एक. मी शाळेत गणित शिकवायचे. पन्नाशीला टेकलेली, आणि आपल्याएवढं शहाणं तालुक्यात दुसरं नाही अशा ठाम समजुतीत. माझे वडील, दादा, कवठे येमाईचे; उभा जन्म मेंढरांमागं गेला. त्यांचं बोलणं मी नऊ कॅसेटांवर भरून ठेवलं होतं. चरणीच्या वाटा, गवतांची नावं, मेंढरांची दुखणी. दादा गेले, कॅसेटांना बुरशी धरायला लागली, तेव्हा तो आवाज वाचवायला घरात कायम चालू राहील असा सर्व्हर बसवायचं मी ठरवलं.

भाऊजींचं टुमणं होतं की नवाकोरा, रंगीत दिव्यांचा, सगळ्यांत वेगवान घ्या. मी आणला एका ऑफिसानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर.

"वहिनी, ह्यो सर्व्हर हाय का कोंबड्यांचं खुराडं?"

"भाऊजी, आमचे दादा मेंढरू घेताना लोकर नाही बघायचे, दात बघायचे."

दात म्हणजे आतले कपॅसिटर. एकही फुगलेला नव्हता. बोलणं साठवायला वेग हवाय कशाला? मी भर दिला तो दोन हार्ड डिस्क आणि यूपीएसवर, कारण भारनियमन रोजचं. यंत्र चालवायला लागणारं लिनक्स एका मासिकाबरोबरच्या सीडीवर फुकट आलं होतं. जुन्या यंत्रावर ते कुरकुर न करता चालायचं, स्क्रीन मागत नव्हतं, आणि कुणी नुसतं ऐकायचं अन् कुणी बदल करायचे ते मी ठरवू शकत होते. हा शेवटचा गुण मला फारच आवडला! पहिल्या डिस्कवरचं सगळं मी दर रविवारी दुसरीवर उतरवायचे. यंत्राला चार ओळींची सूचना लिहून दिली असती तर ते रोज आपोआप झालं असतं, पण बाईंना रविवारचा सोहळा हवा होता.

नववी कॅसेट गुरुवारी सर्व्हरवर चढवली. तिच्यात दादांनी मेंढरांना घातलेली हाळी होती. चढली रे चढली, की मी अतिशहाणीनं त्याच कॅसेटवर रेडिओची गाणी भरून टाकली. आणि शनिवारी आली खंडेनवमी. यंत्र तापतं म्हणून मी झाकण काढून ठेवलं होतं आणि शाळेतल्या पूजेला गेले होते. मागं भाऊजींनी लेथची करतात तशीच सर्व्हरची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडू, आणि नारळ फोडून पाणी थेट आत... चालू यंत्रावर.

"आत पाणी ओतलंत तुम्ही?"

"लेथवर बी शिंपडतोच की. मशीन खूश ऱ्हातं."

वरची, पहिली डिस्क गेली; खालची वाचली, पण तिच्यावर मागच्या रविवारपर्यंतचंच होतं. आठ कॅसेटा राहिल्या. हाळी गेली ती गेलीच. चुकलो, एवढा एक शब्द मला हवा होता. तो आला नाही.

मग मी सूड घेतला. दुसऱ्या यंत्रात डिस्क बसवली आणि भाऊजींचं खातं 'पाहुणा' नावानं उघडलं. स्वतःच्या घरात पाहुणा! ऐकायची मुभा, अक्षर बदलायची नाही. कॅसेटांच्या यादीत नवव्या आकड्यापुढं लिहिलं, 'भाऊजींच्या नारळात गेली'. सोयरेधायरे आले की मी मुद्दाम ती यादी उघडून दाखवायचे.

"वहिनी, यादीतली तेवढी वळ काढा की आता."

"आधी चुकलो म्हणा."

"त्ये न्हाई जमायचं."

यंत्रं बदलली, भाऊजी निवृत्त झाले, आम्ही दोघंही आजी-आजोबा झालो. ती ओळ मी प्रत्येक नव्या यंत्रावर जपून नेली. त्यांचं तोंड पडलेलं पाहिलं की चहा गोड लागायचा, खोटं कशाला बोलू?

तेरावं झाल्यावर मी पाहुण्याचं खातं पुसायला बसले. कुणी कधी काय उघडलं हे सर्व्हर आपणहून लिहून ठेवतो, पण त्या नोंदी मी कधी वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी वाचल्या. पाहुणा, दुपारी चार, कॅसेट नऊ, सापडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार, पुन्हा नऊ, सापडली नाही. पानंच्या पानं. आठांतली एकही नाही, रोज फक्त ती नववी... दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा.

चुकलो मात्र ते म्हणाले नाहीत, हे मी इथं पुन्हा लिहून ठेवते. ओळही काढलेली नाही. फक्त तिच्यात थोडी भर घातली. आता तिथं असं आहे : 'भाऊजींच्या नारळात आणि वहिनींच्या गाण्यांत गेली.'