आत्यानं पाहिलेलं पुणे

आत्या पहिल्यांदाच पुण्यात आली म्हणून शनिवारवाडा, संग्रहालय, सारसबाग असा बेत मी आखला होता. ती मंडईच्या कोपऱ्यावर फुलवालीपाशीच थबकली. "कुठल्या गावची गं तू?" मग माहेर, सासर, पोरंबाळं. माझी नुसती चुळबुळ.

"आत्या, संग्रहालय बंद होईल!"

"होऊ दे की. ते काय पळून जातंय?"

शहर बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. काल आत्या गावी परतली. आज त्याच कोपऱ्यावरून घाईनं जाताना मागून हाक आली, "दादा, आत्या पोचल्या का नीट?"

मी विचारलंच नव्हतं. तिथंच उभं राहून फोन लावला. रिंग वाजत राहिली, आणि फुलवाली अर्धा गजरा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.