मेजरांचा पाहुणा

माझे सासरे सैन्यात साधे शिपाई होते. मेजर त्यांना आमच्या गल्लीने केलं. सैन्यातून आलेला माणूस म्हणजे मेजर, असा गल्लीचा सरळ हिशोब होता, आणि बढती फुकटात मिळतेय तर नाही कशाला म्हणा, असा त्यांचा. दूधवाला मेजर म्हणायचा, शेजारीण मेजर म्हणायची, आणि सासूबाई चिडल्या की हमखास म्हणायच्या, "मेजर, तोफ खाली ठेवा आणि आधी भाजी आणा."

लढाईतून ते परतले ते एक गुडघा आणि डावा कान तिथेच ठेवून. म्हणजे दोन्ही जागेवर होते, पण कामाचे नव्हते. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त करण्यात घालवलं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक स्टूल, एक खाली ओढता येणारा दिवा, खिळ्यांना टांगलेले पट्टे आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत सुया, स्क्रू, बॉबिन. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मी त्या बाजूने जाते तेव्हा अजूनही मशीनच्या तेलाचा वास येतो असं मला वाटतं. आमचे हे म्हणतात, तो तुझ्या नाकात आहे. असेल.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती सून म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. मी तेव्हा ब्लाऊज शिवून द्यायची आणि माझं मशीन टाके सोडत होतं. त्यांनी ते न उघडताच मला सुनावलं, "मशीनला काही झालेलं नाही. तुम्ही कापड ओढता. फार घाई आहे तुम्हाला."

मीही ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, "घाई नसती तर हातानेच शिवलं असतं."

यावर ते पोट धरून हसले आणि आत हाक मारली, "अरे, यांना पाणी आण." पाणी घेऊन आले ते आमचे हे. तेव्हा माझ्या संसाराला ते सुटलेले टाके जबाबदार आहेत.

लढाईबद्दल मेजर फारसं बोलत नसत. बोलत ते एकाच माणसाबद्दल. पाहुण्याबद्दल.

लढाई सुरू असतानाच, पडलेल्या माणसांच्या जागी काही नवे शिपाई आले, त्यांत हा होता. टेकडीच्या पायथ्याशी खंदकात मेजरांच्या शेजारी त्याला जागा मिळाली. हा काठावर उभा राहिला आणि विचारलं, "बसू का?" वरून गोळे पडताहेत आणि हा विचारतोय, बसू का! मेजर म्हणाले, "बसा पाहुणे, घर आपलंच आहे." झालं. तिथून सगळी तुकडी त्याला पाहुणा म्हणायला लागली, तुकडीचा नाईकसुद्धा. "पाहुणे, पाणी भरून आणा." "आज पहाऱ्याचा मान पाहुण्यांना." तोही काही कमी नव्हता. वाळूची पोती वाहता वाहता म्हणायचा, "असा पाहुणचार जन्मात बघितला नाही." एकदा मेजरांचे मोजे भिजले तर त्याने आपल्या कोरड्या जोडीतला एक काढून दिला. म्हणाला, "दोघांचा एकेक पाय तरी सुखात राहू दे."

मेजरांनी त्याला एकदा घरचं विचारलं. तो म्हणाला, "घरी कोणी नाही. आईवडील आठवतसुद्धा नाहीत. काकाने वाढवलं, तोही गेला. सुट्टी मिळाली की मी तुझ्याकडेच येणार, आधीच सांगून ठेवतो." मेजर म्हणाले, "ये की."

मग चढाई झाली. पाहुणा मेजरांच्या उजव्या हाताला होता, आणि मग नव्हता. मेजर जखमी झाले, त्यांना खाली आणलं. नाईक आणि तुकडीतली बाकीची पोरं टेकडीवरच राहिली, कायमची. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला त्याचं नावच माहीत नाही.

"पाहुणा, पाहुणा करत राहिलो," ते म्हणायचे, "आणि नाव विचारायचं राहून गेलं."

पुढे एकदा ते सैन्याच्या कार्यालयात चौकशीला गेले होते. कारकुनाने विचारलं, "कोणाबद्दल माहिती हवी? नाव सांगा." ही गोष्ट ते हसत सांगायचे, पण ती सांगून झाली की उठून दुकानात जायचे.

टेकडीवर मोठा दगड उभारला होता आणि मेलेल्यांची नावं त्यावर कोरली होती. दर वर्षी तिथे कार्यक्रम व्हायचा, आमंत्रण यायचं आणि मेजर ते बाजूला ठेवायचे. "ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्यापुढे काय तोंड घेऊन उभा राहू?" म्हणायचे. सासूबाई गेल्यावर तर त्यांनी आमंत्रण उघडणंही बंद केलं. एका वर्षी मात्र मी ते उघडून वाचून दाखवलं. या वेळी सगळी नावं वाचली जाणार होती, आणि ज्याचं नाव येईल त्याच्या घरच्यांनी आपल्या जागी उभं राहायचं होतं. मेजरांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ते परत वाच," म्हणाले.

आमच्या ह्यांना रजा नव्हती. खरं सांगायचं तर बापलेकांना एका बसमध्ये बसवणं म्हणजे दुसरी लढाई. तेव्हा मी निघाले. कुरकुरत निघाले, हेही सांगते, कारण लग्नसराई होती आणि माझ्याकडे शिवायच्या कपड्यांचा ढीग पडला होता.

बसमध्ये मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, म्हणजे चांगल्या कानाच्या. शहर मागे पडल्यावर त्यांनी आपला बेत सांगितला.

"हे बघ, मशीनमधला दोष कसा शोधतात? जे जे चालतंय ते बाजूला काढत जायचं. शेवटी उरतं ते आपलं. पाहुण्याला कोणी नव्हतं. नावं वाचतील, माणसं उठतील. ज्याच्या नावाला कोणी उठणार नाही, तो आपला पाहुणा. माझं काम फक्त तेव्हा उठायचं."

मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला म्हणायचं होतं, बाबा, इतकी वर्षं झाली. कुणाचे भाऊ गेले असतील, कुणाची बायको गेली असेल, कुणाला यायला जमलं नसेल. न उठणारी घरं एकच असतील कशावरून? पण म्हातारा खिडकीशी बसून शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा बाहेर बघत होता. मी म्हटलं, "मला मात्र मोठ्याने सांगावं लागेल तुमच्या कानात. लोक बघतील."

"बघू दे. सूनबाई आवाज चढवते, एवढंच म्हणतील. ते खोटंही नाही."

टेकडी त्यांनी ओळखलीच नाही. वरपर्यंत डांबरी रस्ता झाला होता, कडेला लोखंडी कठडे, गाड्या लावायला जागा, आणि उतारावर दाट झाडी. "इथे काडीसुद्धा उभी नव्हती," ते म्हणत राहिले. मग उतरून कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले. "आणि एवढीशी कशी झाली गं ही? तेव्हा चढताना संपता संपत नव्हती." मला त्यांचा हात धरायचा होता, पण आमच्यात तसली पद्धत नव्हती, म्हणून मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

मांडवात खुर्च्यांच्या रांगा होत्या. लढाईतले म्हातारे पुढे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मागे घरची माणसं, आणि तीही किती बदललेली. शिपायांची नातवंडं, पुतणे, कुणाची कडेवर मूल घेतलेली नात. भाषणं झाली. भाषणं करणाऱ्यांना वेळेचं भान नसतं, हे सगळीकडे सारखंच. मेजर गुडघा चोळत बसले होते. मग एक बाई माईकपाशी आली आणि तिने नावं वाचायला घेतली.

ती एक नाव वाचायची आणि थांबायची. मी ते नाव मेजरांच्या कानात सांगायची, मागे वळून बघायची आणि म्हणायची, "उठले." कुठे एकटी म्हातारी उठायची, कुठे अख्खी रांग. "उठले, बाबा." "हं, पुढे," असं ते म्हणायचे, अगदी दुकानात एकेक स्क्रू बाजूला ठेवल्यासारखे. यादी लांब होती. निम्मी नावं झाली तरी दरवेळी कुणी ना कुणी उठतच होतं, आणि मला वाटायला लागलं, आता कोणी उरलंच नाही तर यांना काय सांगू?

मग एक नाव आलं आणि मांडव तसाच बसून राहिला. मी सगळीकडे बघितलं. बाईने मान वर केली.

"बाबा," मी म्हटलं, "कोणी नाही."

ते उठले. बिघडलेल्या गुडघ्यावर, माझा आधार न घेता. हात विजारीच्या शिवणीला, छाती पुढे. मी माझ्या सासऱ्यांना इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. ओठ हलत होते. ते नाव म्हणून बघत होते. खाली बसले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता.

"चांगलं नाव आहे, नाही?" ते म्हणाले. "त्याला शोभतं."

"शोभतं," मी म्हटलं.

त्यानंतर दोनतीन नावं गेली. मी सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना सापडायचं ते सापडलं होतं. आणि मग बाईने आणखी एक नाव वाचलं, छोटंसं, आणि ती थांबली. मी वळून बघितलं. कोणी उठलं नाही.

मेजरांनी सवयीने कान माझ्याकडे केला. चेहऱ्यावर तेच हसू होतं. मी सांगितलं, तर आत्ताच मिळालेला त्यांचा पाहुणा त्यांच्या हातून जाणार होता. नाही सांगितलं, तर ते राहणार होते सुखात, आणि हा दुसरा पोरगा, तोही कुणाच्या तरी खंदकात बसलेला असेल, तसाच राहणार होता. बाईने कागदावरून बोट पुढे सरकवलं. मी उठून उभी राहिले.

चार माणसांत उभं राहायची मला सवय नाही. बाईने माझ्याकडे बघितलं आणि ती थांबली.

मेजरांनी माझा पदर ओढला. "काय गं? कुठे निघालीस?"

मी उभीच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून सगळ्या रांगांकडे. बसलेल्या माणसांकडे त्यांनी सावकाश नजर फिरवली. आयुष्यभर दोष शोधलेला माणूस तो. त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार?

"म्हणजे हाही?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

हसू गेलं. ते आपल्या हातांकडे बघत बसले, आणि मला वाटलं, मी काय करून बसले! मग त्यांनी हात पुढे केला. "धर. या वेळी नाही जमणार एकट्याला." मी त्यांना ओढून उभं केलं आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो.

मागच्या रांगेतल्या म्हातारीने पुढे वाकून विचारलं, "हा तुमचा कोण?"

"आमच्याकडचा," मेजर म्हणाले. "मघाचा होता ना, तोही आमच्याकडचाच."

मग त्यांनी आपला चांगला कान माझ्या तोंडापाशी आणला.

"नाव काय म्हणालीस त्याचं? सांग परत, सावकाश. विचारायचं राहून जायला नको."

मी सांगितलं, वडिलांच्या नावासकट.