ऑगस्टात इथे असणारा माणूस

शरीफभाईंना 'हो' म्हणायला जड जातं. मस्कतच्या वादी कबीरमध्ये त्यांचं गाड्यांच्या एसीचं छोटं वर्कशॉप आहे, आणि तिथे गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने त्यांचा नकार ऐकलेला आहे. मीही ऐकला. दुसरीकडे मला कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलं होतं. शरीफभाईंनी बॉनेट उघडून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, पाइप गळतोय. मी पडले इंजिनिअर, वाद घातला. त्यांनी पाइपवर साबणाचं पाणी सोडलं आणि मला वाकून बुडबुडे बघायला लावले. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

माणूस हर्णैचा, पण चोवीस वर्षं ओमानात. शाळेला सुट्टी लागली की शहनाजभाभी आणि मुलगी समरीन गावी जातात, शरीफभाई जात नाहीत. जून लागला की मस्कतमधली निम्मी मराठी घरं कुलपात जातात आणि उरलेल्यांच्या गाड्यांचे एसी बंद पडतात. तोच त्यांचा हंगाम. ते आपले डिसेंबरात जाऊन येतात.

आता आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळाविषयी. आमच्याकडे अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपला उपाध्यक्ष स्वतः निवडायचा असतो. दोघांचा अर्ज एक आणि दोघांना मिळून मतही एकच. त्यामुळे निवडणूक जवळ आली की उमेदवार मंडळी कुरुममध्ये ऐसपैस घर कोणाचं, अल् खुवैरची मतं कोण आणेल, कोणाची बायको गाते, असल्या चौकशा करत हिंडतात. मागच्या खेपेला अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या बाळकृष्ण सरांनी मला घेतलं. पॅनेलमध्ये एक बाई हवी, असं ते म्हणाले, आणि शिवाय तुमच्या समाजाचंही कोणीतरी... एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. वाक्य मला पुरतं कळलं होतं. तरी मी हो म्हटलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. निवडून आल्यावर दोन वर्षं मी समया पेटवल्या आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिले.

गेल्या ऑगस्टात मंडळातल्या जयप्रकाशची आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी न्यायची वेळ आली आणि डोक्याकडून वर-खाली होणारी कॉट कुठे मिळेना. तशी कॉट आणि व्हीलचेअर आमच्या मंडळाकडे आहे, कुरुमच्या स्टोअररूममध्ये. किल्ली बाळकृष्ण सरांकडे आणि सर पुण्यात. फोन केला तर म्हणाले, किल्ली चुकून बॅगेत आली, वीस तारखेला येतोच आहे. तोवर म्हातारीने कुठे निजायचं, हे त्यांना सुचलं नाही. सेक्रेटरी नाशकात होता. मी उपाध्यक्ष, मी मात्र मस्कतमध्ये, आणि माझ्या हातात काहीही नव्हतं.

मी शरीफभाईंना फोन केला, कारण त्यांच्याकडे पिकअप होती. तेही मंडळाचे सभासद, पण स्टेजच्या जवळपास त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते पिकअपबरोबर लोखंड कापायचा ग्राइंडरही घेऊन आले. मी म्हटलं, सरांना विचारायला हवं. ते म्हणाले, विचार तू, मी कापतो. दुपारी तीनच्या उन्हात त्यांनी कुलूप कापलं, कॉट चढवली, जयप्रकाशच्या तिसऱ्या मजल्यावर पोचवली. परत येऊन दाराला नवं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

वीस तारखेला सर आले. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि कुलूप तोडल्याबद्दल शरीफभाईंनी लेखी माफी मागावी असा ठराव मांडला. शरीफभाईंनी ती अर्थातच मागितली नाही.

फेब्रुवारीत मी अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं. मला ते पद हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, उगाच कशाला आढेवेढे घेऊ? आणि उपाध्यक्ष म्हणून माझ्या डोक्यात एकच नाव होतं. शरीफभाईंना विचारायला गेले तर त्यांनी आधी नाही म्हटलं. मग अट घातली.

"तू चुकलीस तर मी सगळ्यांसमोर बोलणार. मान डोलवणारा हवा असंल तर दुसरा बघ."

मी म्हटलं, म्हणून तर आले.

चार दिवसांनी सरांच्या गोटातून निरोप आला. शरीफचं नाव काढा, सर स्वतः माघार घेतील, दुसरं कोणी उभं नाही, तुम्ही बिनविरोध अध्यक्ष. निरोप घेऊन आला जयप्रकाश. सोफ्याच्या कडेला बसून तो सांगत होता, माणूस चांगला आहे हो, पण वकिलातीतले पाहुणे येतात, स्टेजवर बोलावं लागतं, आणि कुलूप तोडणारा माणूस म्हटल्यावर लोक काय म्हणतील?

"आई कशा आहेत?" मी विचारलं.

बऱ्या आहेत म्हणाला, काठी घेऊन चालतात. त्याने चहा अर्धा टाकला आणि गाडीची किल्ली उचलली.

ही बातमी शरीफभाईंपर्यंत पोचली आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. "माझं नाव काढून टाक, रचनाबाय. तू अध्यक्ष हो. मी हाय तिथंच हाय."

इतका संताप मला जयप्रकाशचाही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून थेट वर्कशॉप गाठलं. ते एका गाडीखाली होते. बाहेर येईपर्यंत मी उभीच राहिले.

"त्यांनी तुमच्यात काय दोष काढला, सांगा. काय गळतंय?"

ते कापडाला हात पुसत राहिले.

"गळत काय नाय."

"मग पार्ट बदलायचा नाही."

ते हसले नाहीत. अर्ज आणलायस का, एवढंच विचारलं. मी तो टेबलावर ठेवला, पेन काढलं आणि उपाध्यक्षाच्या रकान्यापाशी थांबले. मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. फोनमध्ये माझ्याकडे 'शरीफ एसी' होतं, बाळकृष्ण सरांकडेही तेच असणार. कॉट पोचवणाऱ्या माणसाचं आडनाव विचारायला मला सहा महिन्यांत सवड झाली नव्हती. मी ओशाळले. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: शरीफ हमझा होडेकर.

सर उभे राहिले, पाहुण्यांसारखं जेवणही घातलं लोकांना. मतदानाच्या शुक्रवारी मात्र एरवी कधी न फिरकणारी माणसं आली. वर्कशॉपवाले, सेल्समन, दुकानदार, एकट्याने राहणारे, ऑगस्टात इथेच असणारे. चौदा मतांनी आम्ही जिंकलो. जयप्रकाशने मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, पण त्याची आई काठी टेकत आली होती आणि शरीफभाईंच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

पहिल्या बैठकीत सरांनी स्टोअररूमची किल्ली माझ्यापुढे सरकवली. दोन वर्षं वाट पाहिली होती मी त्या किल्लीची. उचलली, पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि म्हटलं, पुढचा विषय.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शरीफभाईंनी हात वर केला.

"जुलै-ऑगस्टात तू कुठं?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. तिकिटं काढून झाली होती, सगळ्यांना ठाऊक होतं.

"अमरावतीला," मी म्हटलं.

त्यांनी वर केलेला हात खाली आणला, टेबलावर उताणा ठेवला आणि मी पर्सची चेन उघडेपर्यंत तसाच ठेवला.