नऊ एररची शॉर्टस्टॉप

"मॅडम, हिचं अ‍ॅव्हरेज शून्य पॉइंट दोन आहे. धड एक रनसुद्धा नाही! वर एरर नऊ. अशी मुलगी मी राज्य स्पर्धेला नेऊ?"

कर्णिक सरांनी सायलीच्या नावावर लाल पेनाने काट मारली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ते आमच्या निवड समितीचे अध्यक्ष. जन्म क्रिकेटमध्ये गेलेला. कोपरखैरण्यातल्या शाळेच्या स्पोर्ट्स रूममध्ये भरदुपारी आम्ही चौघं बसलो होतो, ते, दोन मेंबर आणि मी. माझं डोकं तिथेच तापलं, कारण तो कागद माझ्याच स्कोअरशीटवरून बनवला होता.

मी पीटी टीचर म्हणून रिटायर झाले आणि आता बेसबॉलची स्कोअरर आहे. स्कोअरर म्हणजे नुसते रन लिहिणारी बाई नव्हे. प्रत्येक बॉलचं काय झालं, कोणामुळे झालं, ते ठरवून लिहायचं. ऊन डोक्यावर घेऊन मी आठ मॅच लिहिल्या होत्या. जागा एकच उरली होती, शॉर्टस्टॉपची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे पळून गाठायच्या टप्प्यांच्या, मध्ये उभी राहते ती शॉर्टस्टॉप. मैदानात सगळ्यात जास्त बॉल तिच्याकडे येतात.

"सर, हे अ‍ॅव्हरेज काढलं कसं?"

"कसं म्हणजे? रन भागिले आउट. सगळीकडे असंच काढतात."

"क्रिकेटमध्ये, सर! अहो, हा बेसबॉल आहे!"

खरं सांगते, मला हसावं की रडावं कळेना. बेसबॉलमध्ये रन बॉल मारणाऱ्याच्या नावावर लागत नाही. चारही बेस फिरून जो घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, परत पोचतो, त्याच्या नावावर लागतो. म्हणून इथे अ‍ॅव्हरेज काढतात ते हिटवरून. किती वेळा बॅटिंग केली आणि त्यातून किती वेळा बॉल मारून बेस गाठला, एवढंच. दहापैकी तीन हिट मारणारा चांगला बॅटर समजतात. सायलीचे पंचवीसमध्ये दहा होते. म्हणजे दहाला चार!

सरांनी तिचे तीन रन घेतले, पंधरा आउटने भागले, झालं शून्य पॉइंट दोन. त्याच जागेसाठी दुसरी मुलगी होती रिद्धी. तिचे नऊ रन, अठरा आउट, म्हणून शून्य पॉइंट पाच. रिद्धी सिलेक्ट.

"सर, रिद्धी गुणी मुलगी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाच टीममध्ये ती सायलीच्या आधी बॅटिंगला येते. तिच्या नऊपैकी सहा रन सायलीच्या हिटवर आलेत. सायली मारते आणि ही पळत घरी येते."

"बरं, बॅटिंग सोडा," सर म्हणाले. "नऊ एरर सोडायचे का? रिद्धीचा एकच आहे. हा तर तुमचाच आकडा!"

एरर म्हणजे जो बॉल पकडून आउट मिळायला हवा होता, तो हातून निसटला. रिद्धी दुसऱ्या बेसला खेळते. आठ मॅचमध्ये वीस बॉल तिच्या हाताला लागले, एकोणीस आउट. सायलीच्या हाताला त्रेसष्ट लागले, चौपन्न आउट. टक्केवारी काढली तर रिद्धीच पुढे, हे मलाही दिसत होतं. पण चौपन्न आउट कुठे आणि एकोणीस कुठे!

"सर, तुम्ही पॉइंटला फील्डिंग करायचात ना? जो बॉलमागे पळतच नाही, त्याचा कॅच कधी सुटतो का?"

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता जमलं. आणि तिथेच माझा प्रामाणिकपणा मला नडला. नऊ एरर एकेक करून तपासताना तीन ठिकाणी माझं बोट थांबलं. पार लांब गेलेले बॉल होते. सायली झेप घेऊन पोचली आणि हातून निसटले. नियम म्हणतो, साधारण प्रयत्नात जमलं असतं तरच एरर द्या. दुसरी कोणी तिथे पोचलीच नसती. ते समोरच्या टीमचे हिट होते. मी घाईत एरर लिहिले होते.

मी तसं सांगून टाकलं.

"म्हणजे शीटच चुकीची!" सर उसळले. "आणि त्यावर दोन्ही कोचच्या सह्या. आता खाडाखोड चालणार नाही. विषय संपला."

"जाऊ द्या ना मॅडम," एक मेंबर मोबाइलमधून मान न काढता म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही! हे सर्टिफिकेट मिळालं तर खेळाच्या कोट्यातून कॉलेज मिळेल तिला. टेबलावर तिचा जन्मदाखला आहे, तो तरी वाचा!" मी टेबलावर हात आपटला. पाणी सांडलं. कागद भिजला, नाव काही बदललं नाही.

सायली व्हरांड्यात उभी होती. द्रोणागिरीजवळच्या गावातून दोन बस बदलून आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मंग ते बॉल मी सोडून द्यायला पायजे होते का?"

"नाही गं बाई! अजिबात नाही!" मी म्हणाले. पण तिच्याकडे बघवेना. सोडले असते तर आज टीममध्ये असती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

राज्य स्पर्धेत आमची पहिलीच मॅच लिहायला मला बसवलं. शॉर्टस्टॉपला रिद्धी. बिचारी नेमून दिलेल्या जागी उभी होती. सात बॉल तिच्या डाव्या-उजव्या बाजूने सुटले. हात लागला नाही, म्हणून एकही एरर नाही. सातही मी समोरच्यांचे हिट म्हणून लिहिले. आम्ही पाच रनांनी हरलो, घरी आलो. कर्णिक सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'फील्डिंग निर्दोष'. माझी शीट पुरावा म्हणून जोडली होती.

या वेळी शीटमध्ये एकही चूक नव्हती. खाली सही माझीच होती.

आता नव्या स्कोअररना मी पहिल्याच दिवशी बजावते. एरर लिहायच्या आधी विचारा, दुसरी कोणी तिथवर पोचली असती का? आणि शीट क्रिकेटवाल्याच्या हातात एकटी सोडू नका.